दर्शन, स्पर्शन, प्रश्न आणि मोबाईल

कोल्हापुरात ‘वजन’ हा शब्द दोन तऱ्हांनी उच्चारला जातो. तालमीत पोराचे वजन वाढले की वस्ताद खूश होतो. तेच वजन दवाखान्यात वाढलेले दिसले की डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. खुराक तसाच ठेवून ज्याने जोर-बैठका सोडल्या, त्या पैलवानाचे चाळिशीनंतर काय होते हे आपणांस ठाऊकच आहे. मग वाढलेल्या वजनाचा निवाडा करावयाचा कोणी? काट्याने, वैद्याने की हल्ली सर्वांच्या खिशात असलेल्या मोबाईलने?

काट्याची साक्ष पुरेशी नाही, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच देहावरून दाखवून दिले. इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन आणि ते स्वतः, दोघांचाही उंचीच्या प्रमाणात काढलेला वजनाचा निर्देशांक २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली! दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. सडपातळ दिसणारा भारतीय आतून स्थूल असू शकतो. म्हणूनच आपल्याकडे निर्देशांक २३ च्या पुढे गेला की सावध व्हावे, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगतात.

प्राचीन वैद्यांजवळ काटा नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे वर्णन आहे, त्यात आकडा एकही नाही. हालचाल मंदावणे, दुर्बलता, अति घाम, अति भूक, अति तहान अशी लक्षणे तेथे मोजली आहेत. स्थूलापेक्षा कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अवघड, असा स्पष्ट अभिप्रायही आहे. आहार पचायला जड पण पोषणाला हलका असा सांगितला आहे; जव, मूग, कुळीथ, म्हणजे आपले हुलगे, त्यात येतात. रोग्याची परीक्षा तीन प्रकारांनी करावी असे वाग्भट सांगतो: पाहून, स्पर्श करून आणि विचारून. चिनी वैद्यकातील परीक्षा चार प्रकारची आहे. पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे, आणि नाडी व शरीर चाचपणे. दोन्ही परंपरांचे हे साम्य मला फार महत्त्वाचे वाटते.

कारण मोबाईलला यातले नीट जमते ते फक्त विचारणे. चीनमध्ये २००९ साली नऊ प्रकृतींची प्रश्नावली प्रमाणित झाली. तीत कफ आणि ओलावा यांचे आधिक्य असलेली प्रकृती स्थौल्याशी जोडलेली आहे. आपल्या आयुष मंत्रालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘देश का प्रकृति परीक्षण’ अभियान सुरू केले आणि मोबाईलवरील प्रश्नावलीने एक कोटीहून अधिक लोकांची प्रकृती नोंदवली. काम प्रचंड खरे. पण उत्तर देणारा स्वतःविषयी जे समजतो तेवढेच यंत्रात जाते. जेवणाची नोंद ठेवणाऱ्या ॲपचेही तेच. ‘भाकरी, एक नग’ असे लिहिले की त्याचे समाधान होते. ती भाकरी केवढी, मिसळीवर कट किती वेळा घेतला, हे त्याला कोठून कळणार? रोज दहा हजार पावले चालण्याचा जो आकडा मोबाईल आपल्या मागे लावतो, तोही एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या १९६५ मधील नावातून आलेला आहे, कोणा वैद्याकडून नव्हे.

एका गोष्टीत मात्र मोबाईल वैद्याच्या पुढे आहे. वैद्य पंधरा दिवसांनी भेटतो, हा रोज हजर असतो. याचा उपयोग चिनी पद्धतीच्या कर्णबिंदू-उपचारात करून पाहिला गेला आहे. एका वनस्पतीच्या मोहरीएवढ्या बिया चिकटपट्टीने कानाच्या ठरावीक बिंदूंवर लावतात. जेवणापूर्वी रोग्याने त्या स्वतः दाबावयाच्या, आणि त्याची आठवण मोबाईल करून देतो. यंत्राला न जमणारा स्पर्श येथे रोग्याच्याच बोटाकडे सोपवला आहे, ही कल्पना मला आवडली. (गंमत अशी की कानाचा आजचा नकाशा १९५० च्या दशकात पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टराने मांडला, आणि मग चीनने तो आपलासा केला.) परिणामाबद्दल मात्र उतावीळ होऊ नये. झालेल्या चाचण्या लहान आहेत, वजनातील घट थोडी आहे. शिवाय दिवसातून तीन-चार वेळा जेवणाआधी क्षणभर थांबणारा माणूस बीमुळे कमी खातो की थांबल्यामुळे, हे वेगळे काढणे कठीण आहे.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. तेव्हा ज्यांना हा उपचार घ्यावयाचा असेल त्यांनी उपचारकाची नोंदणी अवश्य विचारावी. घरात कोणाला मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर मोबाईलवरचा आकडा उतरला म्हणून त्या परस्पर बंद करू देऊ नयेत.