जनावराला कळते, पण किती? : घाणेरीची विषबाधा

'काय खावे ते मुक्या जनावराला कळते,' असे पशुपालक म्हणतात. हे बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र ही जाण उपजत कमी आणि अनुभवाने आलेली अधिक असते. १९५५ मध्ये अमेरिकेत जॉन गार्सिया व सहकाऱ्यांनी उंदरांना गॅमा किरणांच्या प्रभावाखाली असताना सॅकरीनचे गोड पाणी दिले. त्यानंतर उंदीर ते पाणी टाळू लागले. खाणे आणि आजार यांत काही तासांचे अंतर असले तरी प्राणी दोष त्या चवीलाच देतो, त्यातही नवख्या चवीला आधी, हे पुढील प्रयोगांतून स्पष्ट झाले. कॅलिफोर्नियात मेंढ्यांना द्राक्षवेलीचा पाला चारून लगेच मळमळ आणणारे लिथियम क्लोराईड देण्याचे प्रयोग झाले. अशा मेंढ्या वेली टाळून बागेतील तण चरतात.

असे शिकण्यासाठी दोन गोष्टी लागतात : जनावर वाचले पाहिजे आणि त्रास वेळेत जाणवला पाहिजे. कोवळ्या ज्वारीतील हायड्रोसायनिक आम्ल शिकण्यास अवधीच देत नाही. घाणेरीचे नेमके उलट आहे.

१९८९ पासून तणांवरील संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र असलेल्या जबलपूरच्या आसपासच्या वनांत आणि पडीक रानांत घाणेरी (टणटणी) विपुल आहे. स्थानिक गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. बाजारातून नव्याने आणलेली किंवा टंचाईत उपाशी राहिलेली गुरे मात्र ती खातात. तिच्यातील लँटाडीन यकृतावर आघात करते. भूक मंदावणे, बद्धकोष्ठ, कावीळ आणि उन्हाने पांढऱ्या कातडीवर येणारी सूज ही लक्षणे एक-दोन दिवसांनी उमटू लागतात. तोवर जनावराने आणखीही काही खाल्लेले असते; मग दोष कोणत्या पानाला द्यावा? शिवाय कोठीपोटाची हालचाल मंदावल्याने आत साठलेल्या पाल्यातून विष शोषले जातच राहते.

म्हणून नवीन जनावर गोठ्यात पोटभर चारूनच रानात सोडावे, तेही स्थानिक कळपाबरोबर. कडबाकुट्टीत तणमिश्रित चारा घालू नये. बारीक तुकड्यांतून नकोसे पान वेगळे काढणे जनावराला कठीण जाते, आणि तेथे त्याच्या जाणतेपणावर विसंबणे हा आपलाच आळस होय. घाणेरी खाल्ल्याचा संशय येताच जनावर सावलीत बांधून, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे. त्यांना केवळ आजचे नव्हे, तर मागील तीन-चार दिवसांचे चराईचे ठिकाण सांगावे.