डागाला डाग

कोल्हापूर

चि. सायलीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो पाहिला. साखरपुड्यातली पैंजणं दोन महिन्यांत काळवंडली, सोनारानं फसवलं, असं तू लिहितेस. अंगात उष्णता असली की चांदी काळी पडते, असं शेजारच्या काकूंनीही तुला सांगितलं म्हणे. सोनारही निर्दोष आणि तुझी प्रकृतीही.

पैंजणावर आतल्या बाजूला भिंगातून बघ, 925 दिसेल. हजारात 925 भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. सोनाराच्या भाषेत साडेब्याण्णव टंच. निव्वळ चांदी फार मऊ. तिची पैंजणं महिनाभरात वाकडी होतील. म्हणून तांब्याचा आधार द्यायचा. इंग्लंडात 1300 साली कायद्यानं हेच प्रमाण ठरवलं, त्यालाच आज स्टर्लिंग म्हणतात. आमच्या हुपरीच्या कारागिरांना मात्र टंच हाच शब्द कळतो.

काळेपणा येतो गंधकानं. हवेत, घामात, कांद्यात, अंड्यात, लोकरीत आणि रबरात तो असतो. रबरबँडनं बांधून ठेवलेल्या साखळीवर नेमका काळा पट्टा उठतो, तो त्याचाच. म्हणजे काळी पडली म्हणून चांदी खोटी ठरत नाही. खोटेपणा बघायचा तर नावं तपास: जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, जस्त, निकेल असतं, चांदी फक्त नावात. म्हणून पावतीवर टंच आणि वजन लिहून घ्यायला लाजू नकोस.

आता साफ कसं करायचं. पातेल्यात तळाला अॅल्युमिनियमची फॉइल, चमचाभर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी. पैंजणं फॉइलला टेकली पाहिजेत. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातो, चांदी जागच्या जागी राहते. मग स्वच्छ पाण्यात धू आणि घुंगरांच्या आतलं पाणी झटकून नीट वाळव. पण मोती, खडे किंवा लाख भरलेला दागिना यात बुडवू नकोस. तुझी ती ऑक्सिडाइज्ड झुमकी तर मुळीच नको. तिचा काळेपणा कारागिरानं मुद्दाम आणलाय. तो गेला की नक्षीच मरेल.

आणि टूथपेस्टनं घासायचं नाही. मी लग्नानंतर आईचा कुंकवाचा करंडा दर दिवाळीला राखेनं, नंतर टूथपेस्टनं लखलखीत करायचे. झाकणावर मोराचा पिसारा होता. आज बोट फिरवलं तर फक्त गुळगुळीत लागतं. प्रत्येक घासणीत थोडी चांदी गेली आणि तिच्याबरोबर मोर गेला. आपल्या भाषेत डाग म्हणजे दागिनाही आणि डाग म्हणजे कलंकही. एक घालवायच्या नादात दुसरा जातो, हे मला फार उशिरा कळलं.

पैंजणं ठेवायचीच असतील तर मलमलीत गुंडाळून, झिपच्या पिशवीत, सोबत खडूचा तुकडा. तो ओल शोषतो. अत्तर आधी, दागिना शेवटी. पण ठेवू नकोसच. आजीची जोडवी कधी कुणी घासली नाहीत, तरी पांढरीच होती; कारण ती बोटातून निघालीच नाहीत. चालताना होणारी रोजची घसट त्यांना पुरायची.

दिवाळीला येशील तेव्हा पैंजणं पायात असू देत. जिन्यात आवाज आला की चहा टाकते.

तुझी,
आत्या