आकाशाच्या नकाशातून पुसलेली नावे

(द्वितीय वर्ष, कला)

इ. स. १६७६ साली ऑक्सफर्डमधील एक विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाने सेंट हेलेना बेटावर गेला. नाव एडमंड हॅली. वय वीस, म्हणजे आपल्याच वर्गात शोभला असता. दक्षिण आकाशातील ३४१ ताऱ्यांची यादी त्याने तयार केली. ती करताना, टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांपैकी जी 'नौका', तिचे काही तारे उचलून त्याने त्यांचा 'चार्ल्सचा ओक वृक्ष' बनविला. १६५१ साली वूस्टरच्या लढाईत हरल्यावर दुसरा चार्ल्स ज्या झाडात लपला होता, तेच हे झाड! पुढे १६७८ मध्ये राजाने विद्यापीठाला पत्र धाडून हॅलीला परीक्षेवाचून एम. ए. ची पदवी देवविली. (आपल्याकडे अशी सोय झाली, तर आकाशात जागा उरायची नाही.)

हे झाड फार काळ टिकले नाही. १७५१ मध्ये केप ऑफ गुड होपला गेलेल्या लाकाय या फ्रेंच ज्योतिर्विदाने ते काढून टाकून तारे नौकेला परत केले. त्याने स्वतःही १४ नवे समूह कल्पिले, पण नावे दिली ती दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, घड्याळ, भट्टी अशी. कोणा राजाला नव्हे, तर माणसाच्या हातातील अवजारांना हा मान मिळाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

नौका मात्र अवाढव्य होती. लाकायने तिचे तळ, पिछाडी आणि शिडे असे भाग पाडले होते. १९२२ साली रोम येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ८८ तारकासमूहांची यादी ठरविली, तेव्हा हे तिन्ही भाग स्वतंत्र झाले आणि अखंड नौका बुडाली. तिची खूण अजून सापडते. ताऱ्यांना दिलेली ग्रीक अक्षरे एकाच नौकेची होती, ती तिघांत वाटली गेली. म्हणून 'शिडे' या समूहात अल्फा नाही, बीटाही नाही. अल्फा गेला तळाकडे. तोच आपला अगस्त्य. हिवाळ्यात दक्षिणेला तो ठळक दिसतो.

लालांद या ज्योतिर्विदाला मांजरांचा लळा होता, म्हणून १७९९ साली त्याने आकाशात मांजरही बसविले. ते यादीतून गळाले. २०१८ साली तेथील एका ताऱ्याला 'फेलिस', म्हणजे मांजर, हे नाव मिळाले तेवढेच.

त्याचाच १७९५ चा 'भित्तियंत्र' हा समूहही रद्द झाला. आमच्या घरी सप्तर्षींना 'बाज' म्हणतात: चार तारे बाजेचे खूर, मागचे तीन ती पळविणारे चोर. हे नाव रद्द करण्याची वेळच आली नाही, कारण ते कोणत्याही यादीत चढलेच नव्हते. या चोरांच्या पलीकडे भित्तियंत्राची जागा होती. जानेवारीच्या ३-४ तारखेच्या सुमारास तेथून उल्का पडताना दिसतात, आणि त्या वर्षावाला आजही त्या रद्द झालेल्या यंत्रावरूनच 'क्वाड्रंटिड्स' म्हणतात. पहाटेच्या अंधारात, दिव्यांपासून दूर जाऊन ईशान्येकडे पाहावे.