लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

भाऊभाऊ वेगळे झाले म्हणजे घरात दोन चुली होतात. हे आपण गावोगावी पाहतो. पण नवराबायकोच्या दोन चुली पाहिल्यात का? एका घरात तसे झाले होते. त्याची ही हकिकत.

नवऱ्याचे नाव नारायण वामन टिळक. हे लोकमान्य टिळक नव्हेत बरे का. हे कवी होते. त्यांची बायको लक्ष्मीबाई. त्यांचा जन्म १८६८ सालचा. माहेर नाशिकजवळ जलालपूरला. वडील फार सोवळे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही! अशा घरात ही मुलगी वाढली. शाळेत गेली नाही. लग्न झाल्यावर टिळकांनीच तिला अक्षरे शिकवली.

१८९५ साली टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्मातला प्रवेशविधी. बायकोची संमती नव्हती. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. पदरात लहान मुलगा. काही वर्षे त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला अहमदनगरला आल्या. पण चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा बाटलेला, त्याच्या हातचे कसे चालणार?

कोणी म्हणेल, बाई हट्टी. मला तसे वाटत नाही. जातीने वाळीत टाकले तर दारात कोण येणार, ही भीती काय लहान असते? आणि दोघांच्या संसाराचा निर्णय टिळकांनी एकट्याने घेतला होता. ते समतेची गोष्ट बोलत. पण बायकोला विचारणे हीही समताच की! एक मात्र खरे. तू ख्रिस्ती हो, अशी सक्ती त्यांनी केली नाही.

मग एके दिवशी लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. जाती कोणी केल्या? देवाने की माणसाने? बैल आणि घोडा पाहताच वेगळे ओळखू येतात. देवाने जाती केल्या असत्या, तर माणसातही तसा फरक दिसला असता. पण माणसाचा जन्म सारखा, मरण सारखे, हाडमांस सारखे. मग विटाळ कसला? त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे, असे त्यांनी ठरवले.

हे ठरवणे सोपे नव्हते. लहानपणापासूनची सवय हाडीमाशी भिनलेली असते. मन हो म्हणते, घास मात्र घशाशी अडतो.

यातला क्रम पाहा. आधी शिवाशीव गेली. बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली. नवरा सांगतो म्हणून नव्हे, तर स्वतःला पटले म्हणून.

आता धर्म बदलला की जात आपोआप जाते, असे नाही हं. नगर भागात महार, मांग समाजातले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. चर्चमध्ये सगळे एका देवाची लेकरे म्हणवतात. पण सोयरीक जमवताना जात विचारणारे ख्रिस्ती घरातही भेटतात. ख्रिस्ताच्या नावाने हे शोभत नाही, असे म्हणणारेही त्यांच्यातच आहेत. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली. १९५५ साली त्यासाठी कायदा झाला. पण आपल्या माठावरचा पेला कोणाला द्यायचा नि कोणाला वरून पाणी वाढायचे, हे बघायला घरात पोलीस येत नाही.

टिळक १९१९ साली वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले. आपली जीवनकथाही लिहिली. तिचे नाव ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग १९३४ साली छापून आला. भाषा अगदी घरातली, बोलल्यासारखी. आपली फजिती त्या लपवत नाहीत, नवऱ्याचीही नाही. तालुक्याच्या वाचनालयात मागून पाहा. रोज दोन पाने वाचली तरी चालेल. वडिलांच्या सोवळ्याची पाने वाचताना हसू येईल. आणि त्याच घरात आईचे काय हाल होत, ते कळले की हसू थांबेल.