नावं आधी, स्कॅनर मग

अकोटा, बडोदा

चि. ऋतुजा हिस,


माळ्यावरच्या ट्रंकेतले फोटो आणि कागद कॉम्प्युटरवर चढवायचं तू मनावर घेतलंस, हे ऐकून आजी भलतीच खूष झाली आहे. कोणता स्कॅनर घेऊ, कोणतं ॲप चांगलं, असं विचारतेस. ते मागाहून. आधी आजीशी बोल.

त्या फोटोतली माणसं ओळखणारी आता ती एकटीच उरली आहे. स्कॅन पुढच्या वर्षीही होईल, पण नऊवारीतली डावीकडची बाई कोण, हे सांगणारं ॲप निघायचं नाही. आपल्या अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती तू कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये पाहिल्या आहेस. उमाकांत शहांनी त्यांच्यावर १९५९ साली ग्रंथ काढला. जीवंतस्वामींच्या एका मूर्तीवर दान देणाऱ्या नागीश्वरी श्राविकेचं नाव कोरलेलं आहे, म्हणून दीड हजार वर्षांपूर्वीची ती बाई आज नावानिशी ठाऊक आहे. लेख नसलेल्या मूर्तींचा काळ नुसत्या घडणीवरून ठरवावा लागतो, आणि दाता तर कळतच नाही. आपल्या ट्रंकेत बिनलेखाचेच फोटो फार!

तेव्हा व्हिडिओ कॉलवर मी एकेक फोटो धरतो, आजी सांगेल, तू टिपून घे. एका बैठकीला दहा-बाराच. त्यापुढे ती दमते आणि सगळ्यांनाच 'काकू' म्हणायला लागते. फोटोमागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही. तिथे पाकिटावर आधी लिहून मग फोटो आत घालायचा.

स्कॅनर साधा चालेल. पत्रांना ३०० डीपीआय, छोट्या फोटोंना ६००. आजोबांचे मोडीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून वगळू नकोस, वाचणारा पुढे मिळेल. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो उचकटू नयेत, पानासकट खिडकीच्या उजेडात मोबाईलने काढावेत, फ्लॅश बंद ठेवून. फाईलच्या नावात वर्ष पुढे, मग महिना, मग प्रसंग, म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात. आणि नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, नाहीतर फोटो आकसून जातो आणि तोच आकसलेला पुढे घरोघर फिरतो.

आता प्रती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, अकोट्यात पाणी शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या, हे तू बातम्यांत पाहिलंस. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच कपाटात ठेवून दोन प्रती झाल्या असं समजणारे तेव्हा पुष्कळ भेटले. एक प्रत इथे, एक तुझ्याकडे पुण्यात आणि तिसरी क्लाउडवर असू दे. गुगलची फुकट जागा १५ जीबी, तीही मेल आणि फोटो मिळून, तेव्हा थोडे पैसे मोजावे लागतील. फोन आणि क्लाउड जोडलेले असतील तर फोनवर पुसलेला फोटो तिकडूनही जातो. म्हणून वेगळी हार्ड डिस्क हवीच. दिवाळीच्या साफसफाईत ती लावून चार फायली उघडून बघायच्या. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर माझा विश्वास नाही.

फोटो भिजलेच तर उन्हात टाकायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात हलकेच सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून कापडावर पंख्याखाली वाळवायचे. फार असतील तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि सवडीने सोडवायचे. काचेला चिकटलेला मात्र ओढायचा नाही.

आजी सकाळी दहानंतर ताजी असते. रविवारी फोन कर. ट्रंक मी शनिवारीच खाली काढून ठेवतो.

तुझा,
मामा