घरची फटफटी : आधी थांबवा, मग पळवा



समजा, आपल्या झरीतल्या एका पोराने जुन्या लुनाचे इंजिन आणले. सांगाडा कापून आखूड केला. लहान चाके बसवली. झाली छोटी फटफटी तयार! पोरगा म्हणतो, "बघू किती पळते." आम्ही म्हणतो, "बाबा, आधी बघ, किती लवकर थांबते."

लुना ही आपल्या महाराष्ट्रातलीच गाडी. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने ती १९७२ साली काढली. इंजिन ५० सीसीचे, जोडीला पायडल. कारखान्यात वजन, चाक आणि ब्रेक यांचा मेळ घातलेला असतो. आपण एक भाग बदलला की तो मेळ मोडतो. म्हणून गाडी पारखून घ्यावी लागते. ती कशी, ते पाहू.

१. गाडी उभी असताना
सगळे नट-बोल्ट पान्याने आवळा. वेल्डिंगच्या जोडाला चीर नाही ना, ते पाहा. साखळी मधोमध दाबली की दीड-दोन बोटे हलावी. फार ताठ साखळी तुटते, फार सैल साखळी उतरते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेसची मूठ सोडली की ती आपोआप मागे आली पाहिजे. इंजिन बंद करायचे बटण हाताशी हवे.

२. गाडी ढकलत
इंजिन बंद ठेवा. गाडी ढकला आणि ब्रेक दाबा. चाक जागीच अडले पाहिजे.

३. मोकळ्या मैदानात
पोरं, कोंबड्या, गुरं दूर ठेवा. डोक्याला हेल्मेट, पायात बूट. सोबत एक शहाणा माणूस हवाच. जमिनीवर चुन्याची रेघ मारा. चालत्या माणसाच्या वेगाने या. रेघेवर ब्रेक दाबा आणि पावले मोजा.

आता एक हिशेब. ताशी १५ किलोमीटर वेगाला ब्रेक दाबल्यावर गाडी ३ पावलांत थांबली. मग ताशी ३० ला किती पावले लागतील? सहा? नाही, बारा! वेग दुप्पट, तर अंतर चौपट. पुष्कळ अपघात हा हिशेब न कळल्याने होतात.

४. इंजिनचा सूर लावणे
एका वेळी एकच गोष्ट बदला. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरीच फिरवा आणि फेरी मारा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा आला ते कळत नाही. इंजिन निवल्यावर प्लग काढून रंग पाहा. तपकिरी असेल तर ठीक. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, इंजिन तापते. लुनाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मापानेच घाला. ऑइल नसेल तर पिस्टन अडकतो. मागचे चाक एकाएकी अडू शकते आणि माणूस पडू शकतो. दर फेरीनंतर नट पुन्हा आवळा.

हे सारे वहीत लिहा. काय बदलले? किती पावलांत थांबली? आता आपल्याला लिहिता येते. मग लिहिलेले कामाला का लावू नये?

५. रस्त्यावर नेण्याआधी
सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी चारचाकी बनवली. ती किक मारून सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी त्यांचे कौतुक केले. पण गाडी नियमात बसत नाही, हेही सांगितले. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली.

कौतुक वेगळे, कायदा वेगळा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, कंपनीने ठरवलेली रचना मनाने बदलू नये. मालकाला एकेका बदलासाठी ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणून आधी आरटीओत विचारा. परवानगी नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. तलासरीच्या हायवेवर तर नकोच नको. तिथे ट्रकचालक उंच बसतो. त्याला बुटकी गाडी दिसतच नाही.

हिकमत चांगली. पण हातपाय शाबूत, तरच हिकमत.

प्रश्न
१. वेग दुप्पट झाला, तर थांबायला किती पट अंतर लागते?
२. प्लग पांढरा दिसला, तर काय समजावे?
३. एका वेळी एकच गोष्ट का बदलावी?