चित्रातली माणसं ताठ का होतात?

प्रश्न : मी नववीत आहे आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार आहे. डोंगर, तलाव, झाडं मला जमतात. स्मरणचित्रात माणसं काढली की ती ताठ होतात. होळीच्या चित्रात नाचणारेसुद्धा नुसते उभे दिसतात. खोडून खोडून कागद खराब होतो. न घाबरता जिवंत माणसं कशी काढू?
– एक विद्यार्थिनी, तोरणमाळ

उत्तर : तू बहुधा डोक्यापासून सुरुवात करत असशील. आधी गोल, मग डोळे, नाक, मग मान. पायांपर्यंत येईतो तो माणूस काय करत होता, हेच हातातून निसटतं. सुरुवात भारापासून कर. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाची त्या बाजूची कंबर वर जाते आणि तोल सावरायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याच्या खाचेतून ओळंबा सोडला, तर तो त्या पायाजवळ पडतो. कंबर-खांद्यांच्या या दोन तिरक्या रेषा आणि ओळंबा आधी मार. नाचणाऱ्याचा ओळंबा पावलांच्या बाहेर जाऊ दे. तोल सुटतोय असं वाटलं की आकृती हलू लागते.

जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं मिळाली तर जरूर पाहा. धड म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण, नाक-डोळे नाहीतच. तरी तारपा नाच नाचतो, कारण वरचा त्रिकोण कलला की माणूस वाकतो. हावभाव चेहऱ्यातच असतात, ही आपली समजूत तिथेच गळून पडते.

सरावाला तुझ्यासारखी जागा शहरातल्या मुलांना मिळत नाही. डोक्यावर मोळी घेऊन चढ चढणारी बाई, महाशिवरात्रीच्या यात्रेतली गर्दी, होळीचा नाच. काठी गावच्या राजवाडी होळीला गेलीस, तर मोरपिसांचा टोप मागाहून काढ. आधी गुडघे आणि कंबर बघ. चुलीतला विझलेला कोळसा आणि पाठकोरे कागद घे. मैत्रिणीला पोझ द्यायला सांग आणि अर्ध्या मिनिटात एक आकृती संपव. कोळशाच्या जाड रेघेने डोळे काढताच येत नाहीत, म्हणून तो फार चांगला शिक्षक आहे. खोडरबर दप्तरातच राहू दे. रेघ चुकली तर तिच्याशेजारी दुसरी मार. असे ढीगभर कागद झाले की हात आपोआप धीट होतो.

रंगवतानाही तेच. सावळाराम हळदणकरांचं मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं निरांजनवाल्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र जलरंगातलं आहे, आणि जलरंगात खोडाखोड चालत नाही. उजेडाची बाजू हलक्या रंगाने सोड, सावलीची बाजू मोठ्या ब्रशने एका फटकाऱ्यात भर. ओल्या रंगाला पुन्हा पुन्हा डिवचू नकोस, तो मळतो.

परीक्षेत आधी सगळ्या माणसांचे ओळंबे आणि कंबरेचे कल मारून घे, मग कपडे, मग रंग. चेहरे शेवटी. वेळ संपून एखाद्याचं नाक राहिलं, तरी तो नाचताना दिसेल.